आवाज बारीक असूनही शेजारी धडधड जाते, तेव्हा सबवूफरचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेबलाखाली सबवूफर आणि टेबलावर दोन छोटे स्पीकर, असा साधा टू पॉइंट वन सेट आहे. रात्री आवाज इतका बारीक ठेवलेला असतो की खोलीत शेजारी बसलेल्या माणसाशी सहज बोलता येतं. तरीही भिंतीपलीकडून तक्रार येते की रात्रभर ढब-ढब चालू असतं. बासचा नॉब शून्यावर नेला की गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. मग सबखाली (म्हणजे सबवूफरखाली) रबर घालावं की भिंतीला फोम चिकटवावा?

आधी उत्तर देतो. दोन्ही नको, निदान सुरुवातीला तरी नको. 70 हर्ट्झच्या (सेकंदाला 70 कंपनांच्या) खालचा भाग संगणकातच कापा, सब कोपऱ्यातून काढून स्वतःच्या जवळ आणा आणि त्यानंतरच बासचा नॉब खाली घ्या. क्रमही हाच ठेवा. रबराचा नंबर या तिन्हींनंतर लागतो. फोमचा लागतच नाही.

शेजाऱ्याला जे ऐकू येतं ते तुम्हाला ऐकू येणाऱ्या गाण्याचं बारीक रूप नसतं, ती वेगळीच गोष्ट असते. भिंत वरचे सूर अडवते आणि खालचे सोडते. साध्या एकसंध भिंतीचा ढोबळ नियम असा की कंपनसंख्या निम्मी झाली की भिंतीची अडवणूक साधारण 6 डेसिबलने घटते. म्हणजे 800 हर्ट्झचा आवाज जितका अडतो, त्यापेक्षा 50 हर्ट्झचा आवाज हिशोबाने 24 डेसिबल कमी अडतो. त्यामुळे गायकाचा आवाज, गिटार, झांजा हे सगळं अलीकडे राहतं आणि फक्त ठोका पलीकडे जातो. तुमच्या खोलीत तो ठोका बाकीच्या संगीतात मिसळून जातो म्हणून बोचत नाही. पलीकडे शांततेत तो एकटाच असतो. शेजारी खोटं बोलत नाहीत आणि तुमचा आवाजही खरंच मोठा नाही, दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं.

यातच एक चांगली बातमी आहे. आपला कान खालच्या सुरांना मंद असतो. 1000 हर्ट्झचा सूर 2-3 डेसिबललाही ऐकू येतो, पण 50 हर्ट्झचा सूर ऐकू यायला सुमारे 44 डेसिबल लागतात आणि 31 हर्ट्झच्या आसपास जवळपास 60. त्या हद्दीजवळ कानाचा प्रतिसाद फार तीव्र उतारावर असतो. थोडा फरक केला तरी ‘त्रासदायक’वरून ‘कळत नाही’पर्यंत मजल जाते. म्हणून भिंत सुधारून 30 डेसिबल मिळवायची गरज नसते. उगमापाशी 8-10 डेसिबल कमी झाले तरी बऱ्याचदा काम होतं, आणि तेवढे सहज मिळतात.

पहिलं काम म्हणजे नकळत चढलेला बास उतरवणं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ असेल तर तिथलं ‘बास बूस्ट’ बंद करा. साउंड कार्डच्या ड्रायव्हरबरोबर आलेलं स्वतंत्र पॅनेल असतं, तेही उघडून बघा. गाणी वाजवायच्या प्लेअरमध्ये ‘रॉक’ किंवा ‘डान्स’ असा इक्वलायझर लावून ठेवलेला असतो, तो सपाट करा. स्पीकरवर किंवा रिमोटवर ‘लाउडनेस’ बटन असेल तर ते रात्री बंदच हवं, कारण बारीक आवाजात बास वर चढवणं हेच त्याचं काम. अशा दोन-तीन जागी चढलेले डेसिबल एकमेकांत मिळतात आणि पुढे नॉब कितीही फिरवला तरी हिशोब लागत नाही.

आता मुख्य काम, फिल्टर. नॉबने भागत नाही याचं कारण सेटच्या रचनेत आहे. टेबलावरच्या छोट्या स्पीकरचे पडदे 5 ते 7 सेंटिमीटरचे असतात. साधारण 150 हर्ट्झच्या खाली त्यांच्यात जीव नसतो. म्हणून या सेटमध्ये सब 40 पासून 150-200 हर्ट्झपर्यंत सगळं एकटाच सांभाळतो. पुरुषाच्या आवाजाचा भरदारपणा, चेलो, तबल्याच्या डग्ग्याचा बराचसा घुमारा हे सगळं त्याच्याकडेच असतं. नॉब शून्यावर नेला की हेही जातं आणि डबा उरतो. शेजाऱ्याला मात्र मुख्यतः 70 च्या खालचंच छळतं. तेव्हा कात्री तिथेच चालवायची.

विंडोजवर यासाठी ईक्वलायझर एपीओ हे मोफत साधन पुरेसं आहे. बसवताना यादीतून नेमकं तेच आउटपुट निवडा ज्याला स्पीकर जोडलेत, आणि नंतर संगणक पुन्हा चालू करा. मॅकवर ईक्यूमॅक आणि लिनक्सवर ईझीइफेक्ट्स हेच काम करतं. त्यात हाय-पास प्रकारचा, म्हणजे खालचे सूर अडवून वरचे जाऊ देणारा फिल्टर घ्या, कंपनसंख्या 70 हर्ट्झ आणि क्यू (फिल्टरच्या आकाराचा टोकदारपणा) 0.71 ठेवा. अशा एका फिल्टरने 100 हर्ट्झला जेमतेम 1 डेसिबल जातं, 70 ला 3, 50 ला जवळपास 7 आणि 35 ला 12. गाण्याचा भरदारपणा शाबूत राहतो आणि तळाचा दणका निम्म्याहून खाली येतो. तेवढ्याने भागलं नाही तर तसाच दुसरा फिल्टर त्याच्याखाली जोडा, म्हणजे प्रत्येक आकडा दुप्पट होतो. 50 हर्ट्झला 13-14 डेसिबल गेले की रात्रीसाठी तो भाग जवळपास संपलाच. कापण्याची जागा एकदम 100 वर नेऊ नका. आधी 70, मग दोन फिल्टर, मग गरज वाटली तर 80.

इतकं कापूनही बासची चाल हरवत नाही, याचं कारण पुन्हा कानातच आहे. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते, पण तिच्या आवाजात 82, 123, 165 हे वरचे स्वरांशही असतात. ते ऐकू आले की मेंदू खालचा मूळ सूर स्वतः भरून काढतो. तरी आवाज पोकळ वाटला तर 130 हर्ट्झच्या आसपास 2-3 डेसिबलचा रुंद उंचवटा द्या, क्यू 1 च्या जवळ, आणि प्रीअँप (त्याच साधनातली एकूण पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजात सिग्नल फाटेल. उंचवटा 3 च्या पुढे नेऊ नका, भिंत 130 ला पूर्ण आंधळी नसते.

यानंतर खोलीचा स्वतःचा सूर शोधा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 3.5 मीटर अंतर असेल तर 343 ला 7 ने भागा, 49 हर्ट्झ येतं. त्या सुरावर खोली झोक्यासारखी वागते, थोड्याशा रेट्याने मोठी हलते. ऑडॅसिटीमध्ये 30 ते 120 हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर तयार करा, मिनिटभराचा असू दे, बारीक आवाजात वाजवा आणि भिंतीजवळ, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून ऐका. एकदोन ठिकाणी तो अचानक फुगेल, कपाटाचं दार थरथरेल. ती कंपनसंख्या टिपा आणि तिथे अरुंद खाच पाडा: पीक फिल्टर (एकाच सुराभोवती आवाज वरखाली करणारा), क्यू 5, उणे 8 डेसिबल. शेजाऱ्याची तक्रार ‘ठराविक गाण्यांनाच होतं’ अशी असेल तर हीच खाच सर्वांत जास्त काम करते. फोनवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर इथे विसंबू नका. बहुतेक ॲप ए-वेटिंगमध्ये मोजतात, म्हणजे कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरतात, आणि ते 50 हर्ट्झचे 30 डेसिबल हिशोबातूनच वगळतं. खालचे सूर फारसे न वगळणारं सी-वेटिंग निवडता आलं तर निवडा, आणि तरीही आकडा फक्त आधी-नंतर तुलनेसाठी वापरा.

फिल्टर लावूनही फरक पडला नाही तर चूक सहसा पुढीलपैकी एक असते. प्लेअर साउंड कार्ड ‘एक्सक्लूझिव्ह’ पद्धतीने, म्हणजे स्वतःपुरतं अडवून, वापरत असेल तर आवाज फिल्टरला वळसा घालून जातो, ती पद्धत बंद करा. स्पीकर दुसऱ्या सॉकेटला किंवा ब्लूटूथला जोडले असतील तर फिल्टर भलत्याच आउटपुटवर बसलेला असतो. आणि विंडोजच्या अपडेटमध्ये साउंड ड्रायव्हर बदलला गेला की फिल्टरची नोंद उडू शकते. म्हणून मोठ्या अपडेटनंतर एकदा फिल्टर चालू-बंद करून फरक ऐकू येतो का ते तपासायची सवय ठेवा.

आता जागा. सब कोपऱ्यात ठेवला की जमीन आणि दोन भिंती असे तीन पृष्ठभाग त्याचा आवाज परत फेकतात. प्रत्येक मोठ्या पृष्ठभागामुळे खालच्या सुरांत 6 डेसिबलपर्यंत भर पडते, शिवाय कोपरा म्हणजे खोलीचे सगळे झोके एकाच वेळी हलवायची जागा. आणि तो कोपरा सामाईक भिंतीचा असेल तर विचारायलाच नको. वितभर पुढे ओढून फारसं साधत नाही. 50 हर्ट्झची लाट जवळपास 7 मीटर लांब असते, तिच्या दृष्टीने वीत म्हणजे काहीच नाही. निदान अर्धा ते एक मीटर आत घ्या, आणि जमलं तर सामाईक नसलेल्या भिंतीच्या बाजूला न्या.

याहून मोठा फायदा सब जवळ आणण्यात आहे, आणि लोक तो फार क्वचित घेतात. दोन मीटरवरचा सब खुर्चीशेजारी अर्ध्या मीटरवर आणला तर मोकळ्या मैदानात 12 डेसिबलचा फायदा झाला असता. खोलीत तेवढा मिळत नाही, पण 5-6 डेसिबल मिळाले तरी तेवढा नॉब खाली घेता येतो. तुम्हाला पूर्वीइतकाच बास ऐकू येतो आणि भिंतीकडे मात्र तेवढा कमी जातो. पद्धत अशी: ओळखीच्या गाण्याचा बासवाला तुकडा जुन्या जागी ऐका, सब जवळ आणा, तोच तुकडा लावून नॉब इतका खाली घ्या की बास पूर्वीसारखा वाटेल. तिथे नॉबवर पेनाने खूण करा. मग त्याच्याही थोडं खाली या, कान दोन दिवसांत सरावतो. फक्त सब टेबलाच्या पायांना किंवा फळीला टेकलेला नको, फळीच स्पीकर होते.

सबला मागे किंवा बाजूला गोल भोक असेल तर एक बिनखर्चाचा उपाय आहे. ते भोक म्हणजे पोर्ट, आणि ते पेटीला विशिष्ट सुरावर घुमवतं, लहान सेटमध्ये बहुधा 40 ते 60 हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे नेमका शेजाऱ्याचा सूर. त्यात जाड मोज्यांची जोडी घट्ट गुंडाळून बसवा. निम्मा बोळा बाहेर राहिला पाहिजे, पूर्ण आत ढकलला तर पेटीत पडतो आणि काढायला पेटी उघडावी लागते. बसल्याची खूण म्हणजे दणका वाजताना भोकाशी धरलेल्या हाताला हवेचा झोत लागणं बंद होतं. बास थोडा कोरडा होतो, ठोका लवकर विझतो, लांबत नाही. काही सेटमध्ये आतला अँप्लिफायर याच भोकातल्या हवेने थंड होतो. म्हणून पहिल्या दिवशी तासाभराने मागच्या पत्र्याला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर मोजे काढा. रात्रीच्या बारीक आवाजात सहसा ही वेळ येत नाही.

रबराबद्दल. कंप दोन वाटांनी जातो, हवेतून भिंतीवर आणि पेटीच्या पायांतून फरशीत. रबर फक्त दुसरी वाट अडवतं. तुमच्याकडे कोणती वाट मोठी आहे हे पाच मिनिटांत कळतं. शेजारी किंवा खालच्या मजल्यावर कुणाला तरी ऐकायला उभं करा, एकसारखा ठोका चालू ठेवा आणि सब दोन्ही हातांनी जमिनीपासून उचलून धरा. पलीकडचा आवाज स्पष्ट कमी झाला तरच पाय बदलण्यात अर्थ आहे. लाकडी किंवा पोकळ जमिनीवर हा फरक मोठा असू शकतो. जाड काँक्रीटच्या स्लॅबवर लहान सबचा बराचसा त्रास हवेतूनच जातो.

फरक पडला तर पुढचा हिशोब नीट करा, कारण चुकीचं रबर त्रास वाढवतं. पेटी आणि तिच्याखालचा मऊ थर मिळून एक स्प्रिंग होते आणि तिला स्वतःचा सूर असतो. वजनाने थर किती मिलिमीटर दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. जे येतं तो तिचा सूर हर्ट्झमध्ये. दुकानात मिळणाऱ्या पातळ कडक रबरी चकत्या 4-5 किलोच्या सबखाली कशाबशा 0.1 मिलिमीटर दबतात, म्हणजे सूर आला 50 हर्ट्झ. ज्या सुरापासून सुटका हवी नेमका तोच, आणि तो अडण्याऐवजी वाढून खाली जातो. 2.5 मिलिमीटर दबला तर सूर 10 हर्ट्झवर येतो. अडवणूक त्या सुराच्या सुमारे 1.4 पटीच्या वर सुरू होते, पण चांगली मिळायला 3-4 पट वर असावं लागतं. त्यातून फोम आणि रबर हलत्या भाराखाली स्थिर भारापेक्षा कडक वागतात, म्हणून हिशोबापेक्षा जास्त दाब धरा.

प्रत्यक्षात 5 सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम घ्या, बसायच्या गादीतला असतो तसा. त्याचे चार चौकोनी तुकडे, प्रत्येकी 5 बाय 5 सेंटिमीटर, कापा. त्यावर सबपेक्षा थोडी मोठी जाड फळी आणि फळीवर सब. आता पट्टीने फळीची उंची मोजा. फोम 5 ते 10 मिलिमीटर दबलेला हवा. कमी दबला तर तुकडे लहान कापा, पार चेपला तर मोठे. चेपलेला फोम दगडासारखाच असतो. बोटाने फळी खाली दाबून सोडली की ती संथ झुलली पाहिजे. लगेच टक्कन थांबली तर अजून कडक आहे. धातूच्या टोकदार खिळ्यांचे पाय याच्या उलट काम करतात, ते पेटीला जमिनीशी घट्ट जोडतात. असतील तर आधी काढा.

भिंतीवरच्या फोमचं उत्तर लहान आहे. सच्छिद्र थर नीट काम करायला त्याची जाडी लाटेच्या पाव भागाशी काही नातं सांगणारी लागते. 50 हर्ट्झला पाव लाट म्हणजे 1.7 मीटर. 5 सेंटिमीटरचा फोम खोलीतला टाळीचा खणखणाट कमी करतो, बासला तो दिसतच नाही. अंड्यांचे ट्रे तर तेवढंही करत नाहीत.

आवाज संगणकाऐवजी टीव्ही, गेम खेळायचा कन्सोल किंवा फोन यांतून येत असेल आणि तिथे फिल्टर लावता येत नसेल, तर तो वायरमध्येच बसवा. 3.5 मिलिमीटर पिनच्या वायरमधल्या डाव्या आणि उजव्या तारेत प्रत्येकी एक फिल्म कपॅसिटर ओळीने जोडायचा, ग्राउंडची तार अखंड ठेवायची. सेटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला सेटचा विरोध) 10 किलोओहम असेल तर 0.22 मायक्रोफॅरडने कापणी 72 हर्ट्झपासून सुरू होते. 50 किलोओहम असेल तर त्याच कपॅसिटरने काहीच होणार नाही, 0.047 लागेल. माहिती नसेल तर 0.22 ने सुरुवात करा. फरक कळला नाही तर 0.1, मग 0.047. गाणं पातळ झालं तर एक पायरी मागे या. हा उतार संगणकातल्या फिल्टरच्या निम्मा असतो, 36 हर्ट्झला जेमतेम 7 डेसिबल, पण मोज्यांबरोबर मिळून पुरतो.

सबच्या स्पीकरला ओळीने रोधक (रेझिस्टर) लावायचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो, तो मानू नका. 4 ओहमच्या स्पीकरला 4 ओहमचा रोधक लावला की 6 डेसिबल जातात हे कागदावर खरं आहे. पण स्पीकर आपल्या नैसर्गिक सुराजवळ 4 ओहम राहत नाही, तिथे त्याचा विरोध 20-30 ओहमपर्यंत चढतो. त्या जागी रोधकाने जेमतेम एक-दीड डेसिबल जातं. शिवाय अँप्लिफायरची पडद्यावरची पकड सुटते. परिणाम असा की बाकी सगळं कमी होतं आणि घुमणारा सूर तेवढाच उरतो.

चित्रपट आणि गेममध्ये अडचण वेगळी असते, संवाद बारीक आणि स्फोट मोठे. तिथे कंप्रेसर, म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजातलं अंतर कमी करणारं साधन, लावा. व्हीएलसीमध्ये ऑडिओ इफेक्ट्समध्ये तो असतो, बऱ्याच गेममध्ये ‘नाइट मोड’ नावाने असतो. लावल्यावर एकूण आवाज खाली आणायला विसरू नका, कारण कंप्रेसर बारीक भाग वर उचलतो.

हे सगळं बसवल्यावर शेवटची पारख शेजाऱ्याच्या खोलीतच करा, आणि रस्ता शांत झाल्यावर करा, दुपारी नाही. त्यांना उशाशी बसू द्या, फोनवर बोलत राहा आणि सर्वांत दणदणीत गाणं रात्रीच्या नेहमीच्या आवाजात लावा. ते ‘आता नाही’ म्हणेपर्यंत नॉब खाली आणा, मग आणखी एक रेघ. फिल्टरची ही मांडणी ‘रात्र’ नावाने साठवा आणि दिवसाची वेगळी ठेवा.

एवढं करूनही भिंतीतून ठोका जात असेल, तर रात्रीपुरता सबच बंद करायला एक स्विच बसवता येतो. प्लग काढून मागचा पत्रा उघडण्याआधी निदान दहा मिनिटं थांबा आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरला बोट लावू नका, त्यात विद्युतभार उरलेला असू शकतो. पडद्याकडे जाणाऱ्या दोनपैकी एका तारेत 3 अँपिअरचा साधा स्विच घाला, डाग दिलेल्या टोकांवर श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा आणि स्विच मागच्या पत्र्यात बसवा. तारा एकमेकींना किंवा पत्र्याला टेकल्या तर अँप्लिफायर जळतो, तेव्हा पत्रा लावण्याआधी प्रत्येक टोक हलवून बघा. स्विचसाठी पाडलेल्या भोकातून हवा सुटत असेल तर सिलिकॉन भरा, नाहीतर दिवसा वाजवताना तिथून फुसफुस ऐकू येईल.